आंबेखिंडीची निसर्गफेरी

लोणावळा,
१८ जून १९६७

चि. बजरंग यास,

तुम्ही सर्व खुशाल आहात असे धरून चालतो. गेल्या दिवाळीनंतर पत्र लिहिणे झाले नाही, कारण मंडळाच्या कामातून डोके वर काढता येत नाही. तुला कल्पना नसेल म्हणून सांगतो, मी आता लोणावळा निसर्गप्रेमी मोटार मंडळाचा चिटणीस आहे. मंडळात मुंबईची बडी माणसे आहेत. त्यांचे इथे बंगले आहेत, बंगल्यांत मोटारी आहेत, आणि मोटारी न्यायला निसर्ग कमी पडू लागला आहे. खंडाळ्याचा घाट सगळ्यांचा पाहून झाला. कार्ल्याला हल्ली कोणीही येते. अध्यक्षसाहेबांना असा निसर्ग हवा आहे की जिथे अजून कोणी गेलेले नाही.

मी आंदर मावळचे नाव सुचवले. टाकव्यापासून आपल्या आंबेखिंडीपर्यंतची शेतांमधली वाट त्यांना वर्णन करून सांगितली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. रविवार, २३ जुलै रोजी सात-आठ मोटारींची 'निसर्गफेरी' तुमच्या गावावरून खिंडीतल्या देवळापर्यंत जाईल.

तुझ्याकडून अपेक्षा एवढीच की त्या दिवशी रस्त्याच्या कडेला भातलावणी चालू असावी. पाहुण्यांना तेच पाहायचे आहे. लावणी आधी उरकून ठेवलीत तर फेरीचा मूळ हेतूच जाईल.

आणखी एक. मी आंबेखिंडीचा आहे आणि तू माझा चुलतभाऊ आहेस, हे मंडळात कोणाला ठाऊक नाही. पुण्याचा आहे एवढेच ठाऊक आहे. तेव्हा त्या दिवशी भेट झाली तर "दादा, दादा" करू नये. साहेबांना कामात घरोबा आलेला आवडत नाही.

तुझा,
भिकाजी

आंबेखिंड, आंदर मावळ,
२७ जून

ती. भिकाजीदादा,

पाया पडतो. पत्र पावलं. थोरल्या आईला वाचून दाखवलं. ल्योक मंडळाचा चिटणीस झाला म्हंजे काय, ते तिनं दोनदा इचारलं. मी सांगितलं, मोठ्या लोकांच्या मोटारी कुटं जातील ते दादा ठरवतो. ती म्हनली, "मग हिकडं यायचं ठरवायला यवढी वर्सं का लागली त्याला?" हेचं उत्तर तुमीच लिवा.

लावणीचं म्हनाल तर रोप तयार झालं की लावणी व्हते, रविवार बघून न्हाई. तरी पन रस्त्याकडची खाचरं मागं ठेवू. त्यात तुमचं बी खाचर हाय, वडाजवळचं, म्हंजे थोरली आई करती ते.

आमी तुमचं काम करतो, तुमी आमचं एक करा. एस.टी. टाकव्यापतुर येते. म्होरं आंबेखिंडीला यायला त्यांचे साहेब न्हाई म्हनतात, रस्ता बसच्या लायकीचा न्हाई म्हनून. गेल्या श्रावणात आमच्या भागुबाई मावशीला पान लागलं, साप डसला, झोळीत घालून टाकव्याला नेली, तवर गाडी गेली व्हती. दुसऱ्या गाडीची वाट बघत मावशी तितंच झाडाखाली गेली. माजी पोरगी हिरा सातवी पास झाली. फुडं वडगावची शाळा. तिची आई सरूबाई म्हनती, पोरीनं एकटीनं यवढी वाट तुडवायची न्हाई, शिकली तेवढं पुरं. मी अजून व्हय बी म्हनलो न्हाई आन न्हाई बी.

तवा तुमच्या अध्यक्षसाहेबांनी एस.टी.ला दोन वळी लिवल्या तर लय उपकार व्हतील. सात-आठ मोटारी भर पावसाळ्यात आल्या म्हंजे रस्ता लायकीचा हाय हे कुनीबी सांगंल.

"दादा" म्हननार न्हाई. काय म्हनायचं ते कळवा.

तुमचा,
बजरंग

लोणावळा,
६ जुलै

चि. बजरंग,

'चिटणीससाहेब' म्हणावे.

बसचा विषय अध्यक्षसाहेबांपुढे काढता येणार नाही. तू समजून घे. तिथे बस येत नाही म्हणूनच तर तो निसर्ग आहे. बस आली की पाट्या येतात, चहाची टपरी येते, माणसे येतात. साहेब परवाच म्हणाले, "भिकाजी, लोकांनी निसर्गाची पार वाट लावली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

आता फेरीचे. लावणीला बायका असाव्यात, पुरुष नसावेत. फोटोत धोतरे फिकी दिसतात. पुरुषांनी सरपंच दत्तोबांबरोबर वर खिंडीत देवळापाशी स्वागताला थांबावे. तिथे पिठले, तांदळाची भाकरी, ठेचा असे साधेसुधे जेवण असावे. मात्र ठेच्यात मिरची नसावी. बायकांची लुगडी हिरवी किंवा लाल असावीत. गाणी म्हणावीत, पण मोटारीच्या काचा बंद असल्या तरी ऐकू येतील इतकीच मोठी. रस्त्याकडच्या शेणखताच्या खड्ड्यांवर झाडाच्या फांद्या टाकाव्यात. म्हशी चालतील, रस्त्यात नकोत. खाचरांत पाणी भरपूर असावे. आभाळाचे प्रतिबिंब पडले पाहिजे, असे साहेबांच्या बाईसाहेबांनी मुद्दाम सांगितले आहे. त्यांच्याकडे कॅमेरा आहे.

आईला त्या दिवशी शेतावर जाऊ देऊ नकोस. तिचे गुडघे दुखतात. गर्दीगोंगाटात तिला त्रास होईल. मी पुढे सवडीने येऊन भेटेनच.

तुझा,
भिकाजी

आंबेखिंड,
१५ जुलै

ती. चिटणीससाहेब,

सगळं तुमच्या मनासारखं चाललंय. गावात मात्र भांडनं लागली. रस्त्याकडच्या खाचरात कोन हुबं ऱ्हानार, यावरून धोंडाबाई आन सरूबाई चार दिस बोलत न्हाईत. फोटू काढनार म्हनल्यावर ज्यांनी जल्मात लावणी केली न्हाई त्या बी लावणीला यायला लागल्या.

लुगड्याचं तसं न्हाई. चिखलात जाताना चांगलं लुगडं कुनी नेसत न्हाई, आन हिरवं, लाल म्हनाल तर ते एकच, लग्नातलं, पेटीत. बायका म्हनत्यात, सायबाला रंग पायजे तर सायबानं धाडावी. धोंडाबाईनं काठ कसला पायजे ते बी सांगितलंय.

दत्तोबा भाषान पाठ करत्यात. म्हशीफुडं हुबं ऱ्हाऊन म्हनत्यात. एक म्हैस आटली.

पान्याची काळजी नको. रस्त्याच्या दोन्ही अंगाच्या खाचरांची तोंडं बुजवून पानी धरून ठेवलंय. बांधाच्या वरपतुर आलंय. आभाळच काय, तुमच्या मोटारी बी दिसतील त्यात.

थोरल्या आईला तुमचा निरोप सांगितला. ती म्हनली, "माजं गुडघं दुखत न्हाईत. कुनी सांगितलं त्याला?" मी म्हनलं, दादाला काळजी वाटती. तिनं इरलं काढून झटकलं.

तुमचा,
बजरंग

ता.क. तुमी आधीच धाडलेलं लुगड्यांचं गठुडं आत्ताच टाकव्याहून आलं. आत चिठ्ठी हाय, "कार्यक्रमानंतर धुऊन परत करावीत." चिठ्ठी बायकांना दाखवली न्हाई.

लोणावळा,
२६ जुलै

चि. बजरंग,

निसर्गफेरी अपेक्षेबाहेर यशस्वी झाली. काही अपरिहार्य कारणामुळे आम्हांला खिंडीपर्यंत येता आले नाही, याबद्दल दत्तोबांकडे आणि स्वागत समितीकडे मंडळाच्या वतीने दिलगिरी व्यक्त करतो. बाईसाहेबांचे डोके किंचित दुखू लागले, म्हणून गावाच्या अलीकडूनच परतण्याचा निर्णय घेतला. तुम्ही दिवसभर वाट पाहिली असेल. भाषण पुढल्या वेळी होईलच.

महिलांचे सहकार्य विशेष उल्लेखनीय होते.

पुण्याच्या एका साप्ताहिकात मंडळाचा वृत्तान्त छापून आला आहे. तो मीच लिहिला, खाली नाव साहेबांचे आहे. कात्रण सोबत पाठवतो. दत्तोबांना जरूर वाचून दाखव. त्यातला हा भाग सर्वांना फार आवडला :

"भर पावसाळ्यात आमच्या आठ मोटारी आंबेखिंडीच्या रस्त्यावरून अशा गेल्या, जणू तळ्यावरून राजहंस. पेला काठोकाठ भरून हातात धरावा आणि थेंबही सांडू नये, असा हा रस्ता. दुतर्फा हिरवी मखमल. तिच्यावर रंगीबेरंगी वस्त्रांत कष्टणाऱ्या समाधानी कृषिकन्या. शहरी माणसा, तुला आणखी काय हवे?"

लुगडी परत पाठवायची राहिली आहेत.

तुझा,
भिकाजी

आंबेखिंड,
४ ऑगस्ट

ती. चिटणीससाहेब,

कात्रण पावलं. देवळापुढं मोठ्यानं वाचलं. राजहंसापतुर आलो आन बायका अशा हसल्या की म्होरलं कुनाला ऐकू गेलं न्हाई. मग मी इचारलं, का हसताय? तवा कळलं. आमी सगळे बापये दिवसभर खिंडीत पिठलं धरून बसलो व्हतो, खाली काय झालं ते बायकांनी आमाला सांगितलंच न्हवतं. सांजच्याला पिठल्याची वडी पडली, ती कापून खाल्ली. दत्तोबांनी भाषान केलंच. ऐकायला आमीच.

धोंडाबाईनं जे सांगितलं ते लिवतो. चुकत आसंल तर तुमी दुरुस्त करा.

पयली मोटार तुमच्या सायबाची, लांबलचक. वडाजवळ आली आन बाईसाहेब म्हनल्या थांबा, फोटू काढायचा. मोटार रस्त्याच्या कडंला हुबी ऱ्हायली. पान्यानं कड आतून भिजून लोन्यासारखी झाली व्हती, ते कुनाच्या ध्यानात आलं न्हाई, आमच्या बी न्हाई. मोटार हळूहळू कलली. धोंडाबाई म्हनती, म्हस बसती तशी बसली, आधी मागचं, मग म्होरचं. बाईसाहेबांनी दार उघडलं ते खाचराच्या अंगाला. गुडघ्यापतुर आत गेल्या. एक सँडल अजून बी खाचरातच हाय. सायेब काच वर करून आतच बसले आन आतूनच हात हालवून हुकूम सोडीत व्हते. मागच्या मोटारींना म्होरं जायला वाट न्हाई आन मागं फिरायला जागा न्हाई. समद्यांचे भोंगे सुरू.

तुमी उतरलात. काळा चष्मा लावून. बायका बाहीर आल्या. म्होरं थोरली आई व्हती. मी तिला घरी ठिवली व्हती, पर वडाजवळचं खाचर तिचं. लावणीला मानूस कमी पडलं म्हनून ती मागनं गेली. पाठीवर इरलं व्हतं, त्यामुळं तुमी आधी वळखली नसंल. तिनं तुमाला चष्म्यासकट वळखलं. ती म्हनती, "काम दिसलं की तेचा बा असाच कंबरंवर हात ठिवून हुबा ऱ्हायाचा."

बाईसाहेबांनी तिच्याकडं बोट करून इंग्रजीत कायतरी इचारलं. तुमी थोरल्या आईला म्हनलात, "बाई, तुमचं वय काय?"

ती म्हनली, "मोजलं न्हाई. माजा ल्योक चाळिशीला आला, त्यावरनं काय ते धरा."

तुमी बाईसाहेबांना इंग्रजीत सांगितलं. मग तुमी इचारलंत, "मुलं किती?"

"येकच. लोनावळ्याला आस्तो. लय मोठा मानूस झालाय. तुमच्याच वळखीचा आसंल."

तवा तुमी बाईसाहेबांना जे सांगितलंत ते कुनाला कळलं न्हाई. पर आमची हिरा तितं रोपाच्या मुठी द्यायला व्हती. तिनं सातवीपतुर इंग्रजी केलंय. ती म्हनती, बाकीचं समजलं न्हाई, त्यात 'हॅपी' आसं व्हतं. हॅपी म्हंजे आनंदी. बाईसाहेब हसल्या आन थोरल्या आईच्या चिखलाच्या हातात बिस्किटाचा पुडा ठिवला.

मग समद्या बायकांनी मोटार ढकलून काढली. चाक फिरलं तवा तुमी मागं व्हता. लुगडी आन तुमचा कोट येकाच रंगाची झाली.

हितवर समदे हसले. मी बी हसलो. म्होरचं ऐकून कुनी हसलं न्हाई. मोटारी फिरवायला जागा न्हवती म्हनून सायबांनी त्या खाचरात उतरवायला सांगितल्या, आन तुमी हात करकरून येक येक मोटार आत घेतली आन भायेर काढली. बांध फोडून. वडाजवळच्या खाचरात. सकाळपासनं लावलेली भाताची आवणी व्हती. दादा, ते तुमचंच खाचर. तुमाला ते वळखू आलं न्हाई आसं मी समद्यांना सांगितलंय. खरं काय ते तुमाला ठावं.

थोरली आई दुसऱ्या दिशी बांध घालून पुन्हा लावणीला गेली. रोप उरलं न्हवतं, धोंडाबाईनं दिलं.

कात्रण हिरानं नीट कापून, राजहंसाखाली रेघ मारून, दत्तोबांच्या सहीच्या अर्जाबरोबर एस.टी.ला धाडलं. 'भर पावसाळ्यात आठ मोटारी, थेंब सांडत न्हाई' हे मोठ्या सायबानं लिवलंय, मग बस का येऊ नये, आसं इचारलंय.

लुगडी धुवायचं चाललंय. डाग निघत न्हाईत. अजून लय दिस निघायचे न्हाईत.

तुमचा,
बजरंग

लोणावळा,
३० ऑगस्ट

चि. बजरंग,

तू हे काय करून ठेवलेस? एस.टी.कडून अध्यक्षसाहेबांना पत्र आले आहे. सदर वृत्तान्तात लिहिल्याप्रमाणे आठ मोटारी विनाअडथळा गेल्या हे खरे काय, असे विचारले आहे.

मी साहेबांपुढे पत्र ठेवले. म्हटले, साहेब, रस्ता तसा खराबच आहे, असे कळवून टाकू. साहेब म्हणाले, "म्हणजे माझी गाडी चिखलात रुतली आणि बायकांनी ढकलली, असे सरकारी कागदावर लिहून देऊ?" मी म्हटले, पण मग बस सुरू होईल. साहेबांपुढे एकीकडे निसर्ग होता आणि दुसरीकडे अब्रू. शेवटी त्यांनी 'अक्षरशः खरे आहे' असे स्वतःच्या हाताने लिहून सही केली. मग मला म्हणाले, काळजी नको, सरकारी काम आहे, दहा वर्षे काही होत नाही.

खाचराबद्दल लिहिलेस. पावसात सगळी खाचरे सारखी दिसतात. साहेब हाका मारीत होते. मला त्या वेळी वडही दिसला नाही, असे मी म्हटले तर तू विश्वास ठेवशील का?

आई काय म्हणते? तुझी वहिनी लीलाबाई विचारत होती.

तुझा,
भिकाजी

आंबेखिंड,
१४ डिसेंबर

चि. भिका,

मी कस्तुराबाई, तुजी आई. मी सांगते आन हिरा लिवती. ती म्हनली, आज्जी, शुद्ध करून लिवू का? मी म्हनलं, जसं बोलते तसं लिव, त्याला आपली भाषा समजत आसंल अजून.

तू इचारलंस आई काय म्हनते. मी बजरंगाला म्हनलं व्हतं, कायबी लिवू नको. भातं झोडून झाली की मीच सांगीन. आता झाली.

तू मला बाई म्हनलास. लागलं न्हाई आसं न्हाई. पर मानूस चार लोकांत गांगारतं. तुजा बा येकदा मामलेदारापुढं स्वताचं नाव इसरला व्हता. ते मी सोडलं. खाचराचं मातर सोडलं न्हाई. तू लहान व्हतास तवा त्या बांधावर झोपायचास, मी लावत लावत म्होरं जायाची आन मागं वळून बघायची. तितं तू मोटारी घातल्यास. वड दिसला न्हाई म्हंतोस. आरं, वड केवढा! न्हाई दिसला तर मग तुला दिसतं तरी काय त्या चष्म्यातनं?

बास. ह्याउपर त्या गोष्टीचं बोलनार न्हाई.

येस्टीचा सायेब येऊन गेला, दिवाळीच्या आधी. चांगला मानूस व्हता, चालत आला. वडाजवळ रस्त्यावर टाच हानली तर टाच आत गेली. म्हनला, हितं आठ मोटारी गेल्या? दत्तोबा म्हनले, व्हय. सायेब हसला. म्हनला, कागुद म्हनतोय गेल्या, मग मी न्हाई कसं म्हनू. पर बस जड आस्ती, ती कागुद वाचत न्हाई. येवढा तुकडा दगड घालून भरा, मग देतो.

मग समदं गाव लागलं. बापये डोंगरातनं दगड आनायचे, आमी बाया मुरूम टाकायच्या. ठाकरवाडीचा शिदू आन त्याची मानसं बी आली, त्यांना बी बाजाराला जायाचं आस्तं. मी रोज गेले. गुडघं दुखलं, आता खरंच दुखलं. तुजं सांगनं येकदाचं खरं झालं.

बस संक्रांतीच्या आधी सुरू व्हनार. हिराचं नाव जूनला वडगावच्या शाळेत घालायचं सरूनं कबूल केलंय, ही वळ हिरानं दोनदा लिवली, येकदा खोडायला लावली.

तुजी पोरं केवढाली झाली? त्यांना सांग आज्जी हाय म्हनून.

आई

लोणावळा,
२० फेब्रुवारी १९६८

बजरंग,

परवाच्या रविवारचे आईने तुला सांगितले का? सांगितले नसेल. म्हणून लिहितो.

मंडळाने हिवाळी निसर्गफेरी काढली होती. मी दुसरी वाट सुचवली, पण बाईसाहेबांना तोच रस्ता हवा होता. म्हणाल्या, तिथले लोक फार आनंदी आहेत. टाकवे सोडल्यावर साहेब खूश होते. रस्ता खरेच चांगला झाला आहे, पेला धरून बसता येईल असा. साहेब म्हणाले, "बघ, मी लिहिले तसाच आहे."

वडाजवळ समोरून एस.टी. आली.

तिथे दोन वाहने जात नाहीत हे तुला ठाऊकच आहे. भोंगे झाले. ड्रायव्हर इंजिन बंद करून निवांत बसला. मागे आमच्या सहा मोटारी. साहेब म्हणाले, "भिकाजी, जा, त्याला बस मागे घ्यायला सांग." मी उतरलो. ड्रायव्हरच्या मागे खिडकीशी आई बसली होती, मांडीवर पाटी घेऊन, वडगावच्या बाजाराला निघाली असावी. तिने मला पाहिले आणि सरळ समोर पाहू लागली. तिने ओळख दाखवली नाही. मला सोपे जावे म्हणूनच दाखवली नाही, हे मला कळले, आणि त्यानंतर मला तिथे उभे राहवेना.

साहेब मागून ओरडले, "बस हलत नसेल तर आपल्या गाड्या शेतात उतरव. मागे उतरवल्या होत्या तशा."

शेतात हरभरा होता. घाटे धरले होते.

मी म्हणालो, "नाही उतरवता येणार."

"का?"

"ते शेत आमचे आहे."

"आमचे म्हणजे मंडळाचे?"

"माझ्या आईचे. ती बघा, खिडकीत बसली आहे."

साहेबांनी काच खाली केली. बसमधली सगळी माणसे वाकून बघत होती. धोंडाबाई होती, ते हिरवे लुगडे नेसून. साहेबांनी आईकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "पण तू तर पुण्याचा ना?" मी म्हणालो, "पुणे जिल्ह्याचा." कंडक्टर मोठ्याने हसला.

सगळ्या मोटारी मागे मागे टाकव्यापर्यंत गेल्या. मी त्यांच्याबरोबर चालत गेलो, हात करीत. बस आमच्या मागून बैलगाडीच्या चालीने येत होती. टाकव्याला बस पुढे निघाली तेव्हा आईने खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाली, "भिका, ऊन लागंल, टोपी घाल." एवढेच.

मला काढून टाकतील असे वाटले होते. काढले नाही. वृत्तान्त लिहायला दुसरे कोणी नाही. साहेबांनी दुसऱ्या दिवशी बोलावून सांगितले, फेरी यशस्वी झाली असे लिही. ग्रामीण प्रवाशांशी हृद्य भेट झाली असेही लिही. मी लिहिले की रस्ता अरुंद आहे आणि तिथे एस.टी.ला वाट द्यावी लागते. ते वाक्य साहेबांनी खोडले. मी पुन्हा घातले. छापायला गेले तेव्हा ते होते. पुढच्या महिन्यात मी चिटणीस असेन की नाही, सांगता येत नाही.

बाईसाहेबांच्या मते आंबेखिंडीचा निसर्ग आता बिघडला. पावसाळी फेरी पवन मावळात काढायची ठरली आहे. तिथल्या एका सरपंचांनी, काय काय तयारी ठेवावी, अशी विचारणा केली. मी मंडळाच्या कागदावर उत्तर धाडले : खाचरांत जास्त पाणी धरू नये, लुगडी आधी मागून घ्यावीत, पिठले करू नये, आणि वृत्तान्त छापून आला की कात्रण ताबडतोब एस.टी.ला पाठवावे.

येत्या रविवारी लीलाबाई आणि पोरांना घेऊन येतो. आई त्या दिवशी वडगावला बाजारात असेल तर परतीच्या बसमध्ये भेट होईल. तिला म्हणावे, आमच्यासाठी जागा धरू नकोस. आम्ही उभे राहून येऊ.

भिका